नस रोज 1 मिलिमीटर वाढते, पण कुठली?

व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय की मणक्याला मार लागून पाय गेले तरी घाबरू नका, नस रोज 1 मिलिमीटर वाढते, गरम तेलाचं मालिश आणि बी 12 चालू ठेवा, वर्षभरात पेशंट चालतो. इथे नस म्हणजे रक्ताची नाही, संदेश नेणारी, म्हणजे मज्जातंतू. आकडा बरोबर आहे हो, पण तो हातापायातल्या तुटलेल्या नसांचा, स्पायनल कॉर्डचा, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूचा नाही, सगळा घोळ तिथेच.

मनगटाची नस कापली की पुढचा तुकडा मरतो, हे वॉलर या शास्त्रज्ञाने 1850 मध्येच बेडकाच्या जिभेवर दाखवलं, मग श्वान पेशी (नसेच्या धाग्यांना वेढणाऱ्या, Schwann नावाच्या पेशी) तो कचरा उचलायला मदत करतात आणि नव्या धाग्याला वाट करून देतात. कॉर्डमध्ये कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो, त्यातली नोगोसारखी प्रोटीन्स वाढ अडवतात, वर व्रणाची भिंत. धाग्यात दमच नसतो असं नाही बरं का, 1981 मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या कॉर्डला पायाच्या नसेचा तुकडा जोडला तर धागे त्यातून 3 सेंटीमीटर गेले, परत कॉर्डमध्ये शिरले आणि थोडंसं जाऊन अडकले.

मग काहीजण सुधारतात कसे? त्यांची कॉर्ड पूर्ण तुटलेली नसते, सूज उतरते, वाचलेले धागे फाटे फोडून काम उचलतात. डॉक्टर गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का बघतात ते कॉर्डचे काही धागे वाचलेत का हे कळायलाच. बरीचशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते म्हणून फिजिओ लवकर सुरू करा. बी 12 कमी असेल तर घ्या, तुटलेली कॉर्ड त्याने जुळत नाही. आणि ते गरम तेल, संवेदना नसलेला पाय पोळला तरी पेशंटला कळतसुद्धा नाही.