‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’ : एका फिरत्या मजकुराची तपासणी

उत्क्रांती ‘खोटी पाडणारा’ एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: ही नुसती थिअरी आहे, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत, मधले दुवे सापडलेले नाहीत, उत्क्रांती होताना कोणी पाहिलेली नाही, एवढी गुंतागुंत योगायोगाने होणं गणितात बसत नाही. वर पुस्ती अशी, की डार्विनने मृत्युशय्येवर माघार घेतली.

पुस्ती आधी निकालात काढू. ही गोष्ट लेडी होप नावाच्या बाईंच्या नावाने १९१५ साली छापून आली, म्हणजे डार्विन गेल्यावर ३३ वर्षांनी. वडिलांच्या अखेरच्या वेळी हजर असलेली त्यांची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ साली लिहून कळवलं की लेडी होप त्या आजारपणात तिथे आल्याच नव्हत्या.

‘ही नुसती थिअरी आहे.’ जंतूंमुळे रोग होतात, हीसुद्धा थिअरीच. थिअरीने चुकण्याचा धोका पत्करून आधी काही ठाम सांगावं आणि मग ते ताडून पाहावं, एवढीच तिची परीक्षा. ती परीक्षा कशी झाली, ते पुढे येतंच.

‘माकडं अजून का आहेत?’ आजच्या माकडांपासून माणूस झाला, असं जीवशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. शेपटीवाल्या माकडांपासून आपली शाखा त्याच्याही कितीतरी आधी वेगळी झाली होती. नवी जात बहुधा समूहाची ताटातूट झाल्यामुळे तयार होते. एक गट डोंगरापलीकडे किंवा पाण्यापलीकडे अडकतो, दोन्हीकडे वेगवेगळे जनुकीय बदल साठत जातात, आणि पुढे त्यांचा आपसात संकर होईनासा होतो. दुसऱ्या गटाने नष्ट व्हायला हवं, अशी अट यात कुठे आहे?

पण समान पूर्वज होते, हे कशावरून? चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत ४८ गुणसूत्रं असतात, माणसाच्या ४६. एक अख्खी जोडी गहाळ होणं परवडणारं नाही. तिच्यावरच्या आवश्यक जनुकांशिवाय तो जीव जगलाच नसता. म्हणजे नातं खरं असेल, तर माणसात दोन गुणसूत्रं जोडली गेलेली सापडायलाच हवीत. खूणही नेमकी सांगता येते. गुणसूत्राच्या टोकाशी डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं लागोपाठ शेकडो वेळा येतात. टोकाला टोक जोडलं गेलं असेल, तर हा टोकाचा मजकूर गुणसूत्राच्या पोटात सापडावा, सांध्यापलीकडे तो उलटून सीसीसीटीएए असा व्हावा, आणि सेंट्रोमिअर (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे पकडलं जातं, तो भाग) दोन असावेत, त्यातला एक निकामी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमकं हेच आहे. सांध्याची जागा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिथली पुनरावृत्ती विस्कटलेली आहे, याकडे विरोधक बोट दाखवतात. ती विस्कटलेली असणारच. टोकाचं काम संपलं की त्या अक्षरांतल्या चुका नैसर्गिक निवडीत गाळल्या जात नाहीत, नुसत्या साठत राहतात.

याच जातीचा आणखी एक पुरावा. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. त्यातल्या शेवटच्या पायरीचं जनुक, ‘गुलो’, माणसात मोडक्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझीतही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोड आपल्याशी जुळते. गिनिपिगचं जनुकही मोडकंच, पण त्याची मोडतोड निराळी, कारण ती स्वतंत्रपणे झाली.

‘मधले दुवे कुठे आहेत?’ मजकुरातला सर्वांत शिळा मुद्दा हाच. सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मांसल परांचे मासे मिळतात, ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पाय असलेले प्राणी. जीवाश्मांचे अभ्यासक नील शुबिन, टेड डेश्लर आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला: मधल्या काळातले, गोड्या पाण्याच्या गाळाचे आणि आज उघडे पडलेले खडक शोधायचे. असे खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात होते. १९९९पासून मोहिमा सुरू झाल्या आणि २००४ साली तिथल्या एल्स्मिअर बेटावर ‘टिकटालिक’ नावाच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला, वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. खवले आणि पर माशाचे. चपटं डोकं, माथ्यावर डोळे, मोकळी मान आणि दणकट बरगड्या पायवाल्यांच्या. पराच्या आत मनगटाशी जुळणारी हाडं.

एक अडचण मात्र लपवू नये. पोलंडमधल्या झाखेल्मे इथल्या, सुमारे ३९ कोटी वर्षं जुन्या पाऊलखुणांचं संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. त्या पायवाल्या प्राण्यांच्याच असतील, तर टिकटालिक हा आपला थेट पूर्वज ठरत नाही. पण दुवा ठरायला थेट पूर्वज असावं लागत नाही. दोन गटांची लक्षणं एकत्र बाळगणारं शरीर प्रत्यक्षात होतं का, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दगडात मिळालं.

‘उत्क्रांती होताना कोणी पाहिली?’ जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय जिवाणूंच्या १२ फ्लास्कनी एक प्रयोग सुरू केला. पद्धत साधी आहे. रोज ०.१ मिलिलिटर द्रव ९.९ मिलिलिटर ताज्या द्रवात टाकायचा. संख्या शंभरपट घटते. ती पुन्हा भरून येईपर्यंत सुमारे ६.६ पिढ्या होतात. दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. तो पुढे कधीही पुन्हा वाढवता येतो. द्रवात ग्लुकोज मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) भरपूर असतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलाय ते आत घेऊ शकत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधले जिवाणू ते खाऊ लागले. सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची दुसरी प्रत तयार होऊन ऑक्सिजनमध्ये चालू राहणाऱ्या जनुकीय बटणाशेजारी जाऊन बसली होती. गोठवलेले पूर्वज पुन्हा वाढवले, तेव्हा उशिराच्या पिढ्यांतूनच हा गुण पुन्हा उगवला, सुरुवातीच्या नाही. म्हणजे आधीच्या बदलांनी जमीन तयार केली होती.

‘पण तो जिवाणूच राहिला ना!’ हा यावरचा ठरलेला शेरा. काही हजार पिढ्यांत जिवाणूचा मासा होईल, असं कोणी म्हटलंच नव्हतं. ऑक्सिजनमध्ये सायट्रेट वापरता न येणं ही प्रयोगशाळेत ई. कोलाय ओळखायची एक खूण आहे, आणि या जिवाणूने तीच ओलांडली.

‘गणिताने अशक्य.’ हा हिशेब सगळे बदल एकाच फटक्यात व्हावे लागतात असं धरून केलेला असतो. दहा चकत्यांचं आकडी कुलूप घ्या, प्रत्येक चकतीवर दहा आकडे. सगळे एकदम जुळवायचे तर शक्यता १,००० कोटी. प्रत्येक बरोबर आकडा जागीच अडकून राहत असेल, तर जास्तीत जास्त १०० प्रयत्न. नैसर्गिक निवड असंच अडकवण्याचं काम करते. फरक इतकाच, की तिच्याकडे आधी ठरलेला क्रमांक नसतो. त्या घडीला उपयोगी पडेल तो कोणताही बदल टिकून राहू शकतो.