सोलर क्रेडिट विकत घेऊन पगारावरचा कर शून्य? नाही होत!

‘सोलर क्रेडिट डॉलरला ऐंशी सेंटने घ्या आणि फेडरल कर शून्यावर आणा. नोकरदारांनाही लागू. २०२२च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. जोखीम काहीच नाही. ट्रम्प सरकार सगळं बंद करतंय, ही शेवटची संधी. घरावर पॅनेल लावलीत तर आणखी ३० टक्के वेगळे.’

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने मला पाठवला. सोबत एवढंच, की ‘उद्या वायर करतोय, एकदा नजर टाक.’ असल्या क्रेडिटची, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या सवलतीची, कागदपत्रं तपासणं हेच माझं काम, त्यामुळे नजर टाकली आणि डोकं फिरलं.

कायद्यात लिहिलंय, हे खरं. २०२२च्या त्या कायद्याने, इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने, कलम ६४१८ आणलं. सौर प्रकल्प उभारणाऱ्याला क्रेडिट मोठं मिळतं, पण ते वापरण्याएवढा कर त्याला बसतच नाही. म्हणून तो ते रोख पैसे घेऊन, एकदाच, आपल्याशी संबंध नसलेल्या करदात्याला विकू शकतो. व्यक्तीनेही ते घेऊ नये असं कायदा म्हणत नाही. मेसेज लिहिणारा नेमका इथे थांबतो.

कारण पुढचं वाक्य धंदा बुडवणारं आहे. व्यक्तीने विकत घेतलेलं क्रेडिट फक्त ‘पॅसिव्ह’ उत्पन्नावरच्या कराला लावता येतं, म्हणजे साधारणपणे ज्या धंद्यात आपण स्वतः राबत नाही त्याच्या किंवा घरभाड्याच्या उत्पन्नावरच्या. आणि तुम्हाआम्हाला वाटतं ते यात बसत नाही. पगार नाही, बोनस नाही, कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर (आरएसयू) नाहीत. व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा, तेही नाही. हे माझं मत नाही. अमेरिकेच्या कर खात्याने, आयआरएसने, जुलै २०२४मध्ये नेमक्या याच फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. बहुतेक करदात्यांना पॅसिव्ह उत्पन्न नसतंच आणि गुंतवणुकीचे बहुतेक प्रकार त्यात मोडत नाहीत, असं त्यात साफ म्हटलंय. इशारा दोन मिनिटांत वाचून होतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही तो वाचलेला दिसत नाही.

यावर भावाला क्रेडिट विकणाऱ्या ‘सल्लागारा’कडून उत्तर आलं, की प्रकल्पाच्या मीटिंगला ऑनलाइन बसा, तास लिहून ठेवा, मग तुम्ही सक्रिय भागीदार, ‘पॅसिव्ह’ची अट तुम्हाला नाही! अरे बाबा, या कलमाच्या २०२४च्या अंतिम नियमांनी ही पळवाट आधीच बुजवली आहे. क्रेडिट घेणाऱ्याची त्या प्रकल्पात मालकी धरलीच जात नाही. मग तास कसले मोजता? भाड्याची घरं खरोखर नफ्यात असतील, त्यावर कर भरत असाल, तर थोडा उपयोग होईल. पण तो ‘नोकरदारांनाही लागू’ नव्हे. आणि ‘शून्य’ तर तेव्हाही नाही: २५,००० डॉलरच्या वरच्या कराचा साधारण चौथा हिस्सा असल्या क्रेडिटने भागतच नाही.

‘जोखीम काहीच नाही’ हे तर उलटं आहे. क्रेडिट जास्त दाखवलेलं निघालं तर जास्तीची रक्कम आणि तिच्यावर आणखी २० टक्के, दोन्ही साधारणपणे घेणाऱ्याच्या बोकांडी बसतात. पाच वर्षांच्या आत प्रकल्प विकला गेला किंवा बंद पडला, तरी वसुली घेणाऱ्याकडूनच. मोठ्या कंपन्या घेतात तेव्हा वकील महिनोन्‌महिने कागद चाळतात आणि वर विमा काढतात. एक मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात कामगारांना ठरलेली मजुरी दिल्याचा पुरावा नसेल तर खर्चाच्या ३० टक्के असलेलं क्रेडिट ६ टक्क्यांवर येऊ शकतं. भावाकडे होती एक चकचकीत पीडीएफ. त्याला म्हटलं, आयआरएसकडचा नोंदणी क्रमांक माग. त्याशिवाय क्रेडिट हस्तांतरित होतच नाही. उत्तर आलं, ‘प्रोसेसमध्ये आहे.’

‘सगळं बंद’ हे अर्धसत्य. जुलै २०२५च्या कायद्याने सौर आणि पवन प्रकल्पांची मुदत आखडली: ४ जुलै २०२६पर्यंत बांधकाम सुरू, नाहीतर २०२७ संपण्याआधी प्रकल्प चालू. क्रेडिट विकण्याची सोय मात्र राहिली. मंदिरं, शाळा, नगरपालिका यांना कर नसतानाही सरकारकडून थेट रक्कम मिळण्याची तरतूदही राहिली.

खरोखर बंद झालं ते नेमकं घरमालकाचं ३० टक्क्यांचं क्रेडिट, जे मेसेज ‘आणखी वेगळे’ म्हणून देतोय. ३१ डिसेंबर २०२५नंतर बसवून पूर्ण झालेल्या पॅनेलना ते नाही, पैसे आधी भरलेले असले तरीही. लीजवर घेतलीत तर क्रेडिट कंपनीचं, तुमचं कधीच नव्हतं.

भावाने वायर थांबवली आहे. ज्यांनी क्रेडिट दाखवून रिटर्न भरूनच टाकलंय, त्यांनी नोटीस येण्याची वाट न बघता १०४०-एक्स हा रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म भरून ते दुरुस्त करावं, आणि त्यासाठी सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, स्वतः शोधावा. पीडीएफ पाठवणाऱ्याने सुचवलेला नको.