रॉर्शाक ‘वॉचमेन’चा नायक नाही

‘रॉर्शाक कधी खोटे बोलत नाही, निरपराधांना हात लावत नाही आणि तत्त्वाशी तडजोड करत नाही, म्हणून तोच ‘वॉचमेन’चा खरा नायक,’ असे चाहते वारंवार सांगतात. अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही १२ अंकांची कॉमिक्स मालिका अमेरिकी प्रकाशक डीसीने १९८६-८७ मध्ये काढली; रॉर्शाक हा तिच्यातला मुखवटा घालून गुन्हेगारांचा पाठलाग करणारा माणूस. ती सलग पुन्हा वाचली, तर या विधानाचा एकही भाग टिकत नाही.

सहाव्या अंकात तुरुंगातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. माल्कम लाँग त्याला शाईचे डाग दाखवून त्यांत काय दिसते ते विचारतात. त्याला दिसते डोके फुटलेले कुत्रे. तो सांगतो, सुंदर फुलपाखरू. निरपराधांविषयी म्हणाल, तर पहिल्याच अंकात तो बारमधल्या एका माणसाची बोटे मोडतो आणि हाती काहीच लागत नाही.

तडजोडीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रॉर्शाकचा जुना मुखवटाधारी सहकारी ओझिमँडियस न्यूयॉर्कमधल्या लाखो लोकांचा बळी देऊन अणुयुद्ध टाळतो, तेव्हा बाकीचे सहकारी मौन पत्करतात आणि एकटा रॉर्शाक नकार देऊन मरण स्वीकारतो. त्या नकारात धैर्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु सहाव्या अंकाला जोडलेल्या कागदपत्रांत त्याचा शाळकरी निबंध आहे आणि त्यात जपानवर अणुबाँब टाकून लाखोंचे प्राण वाचवल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांचे कौतुक आहे. ओझिमँडियसचा हिशेब याहून वेगळा नाही. ते लहानपणचे मत म्हणून सोडून दिले, तरी प्रौढ रॉर्शाक आपली जुनी सहकारी लॉरी हिच्या तोंडावर, तिच्या आईवर बलात्काराचा प्रयत्न करणाऱ्या ‘कॉमेडियन’ नावाच्या मुखवटाधाऱ्याचे कृत्य देशसेवकाचे नैतिक स्खलन म्हणून बाजूला सारतो, त्याचे काय? आपल्या माणसाला सवलत देणे ही तडजोडच झाली.

नैतिक बळ शोधायचेच असेल, तर ते अकराव्या अंकात, वृत्तपत्रविक्रेत्याच्या कोपऱ्यावर सापडते. रॉर्शाकची कहाणी ऐकून जगण्यात अर्थच नाही अशा निष्कर्षाला पोहोचलेले डॉ. लाँग तिथे दोन स्त्रियांची मारामारी पाहतात आणि पत्नीने निर्वाणीचे बजावूनही ती सोडवायला धावतात. त्याच कोपऱ्यावर जगबुडीचा फलक घेऊन फिरणाऱ्या रॉर्शाकला मात्र तिथल्या माणसांत घाणीशिवाय काही दिसलेले नसते.