मशीन थांबवणं हेही ऑपरेटरचंच काम आहे

मला कामावरून काढलं. कागदावर कारण लिहिलंय, ‘मशीनच्या देखभालीत निष्काळजीपणा’. खरं कारण साइटवर सगळ्यांना ठाऊक आहे. मी पोकलेन थांबवलं होतं.

पाइपलाइनसाठी चर खणत होतो. चर पुरुषभर उंचीहून खोल, बाजूंना कसलाही टेकू नाही, काढलेली माती अगदी काठालाच टाकायला लावलेली, आणि खाली दोघं जण पाइप जोडत होते. ट्रॅकच्या, म्हणजे मशीनच्या साखळीच्या चाकांच्या पुढे, चराला समांतर, जमिनीत भेग पडलेली दिसली. अशी भेग खाली काम करणाऱ्याला दिसत नाही. केबिनमध्ये बसलेल्याला दिसते. मी बकेट खाली टेकवली, इंजिन बंद केलं आणि ओरडून दोघांना वर यायला लावलं. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं मोकळं असूनही गुदमरतो, कारण छाती फुलायलाच जागा राहत नाही. त्यात काठावर २० टनांचं मशीन आणि त्याचे हादरे. माझ्याच मशीनच्या वजनाने ती कड खाली गेली असती.

सुपरवायझर म्हणाला, “तुला मशीन चालवायला ठेवलंय, अक्कल शिकवायला नाही.” त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद.

पुढे बूमचा, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताचा होज (दाबाखालचं तेल नेणारा रबरी पाइप) फुटला आणि त्यांना हवं ते निमित्त मिळालं. हायड्रॉलिक लाइनमध्ये ३०० बारच्या वर दाब असतो. होजचं वरचं रबर घासून आतली तार दिसायला लागली की तो बदलायचाच असतो, त्याला ग्रीसिंगने किंवा जपून चालवण्याने काही होत नाही. तार दिसतेय, हे मी रोजच्या तपासणीच्या शीटवर पुन्हा पुन्हा लिहून दिलं होतं. नवा होज मागवणं माझ्या हातात नव्हतं, ते ऑफिसचं काम. शीटवर त्यांच्याच माणसाच्या सह्या आहेत. चौकशी झाली नाही, मला कुणी काही विचारलं नाही. थेट पत्र हातात दिलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात साफ म्हटलंय की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार तिथून बाजूला होतो, त्याला त्याची शिक्षा होता कामा नये. १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात आहे की वागणुकीवरून किंवा कामावरून कुणाला काढायचं असेल, तर आधी त्याला बाजू मांडायची संधी द्या. सगळ्या देशांनी हे करार स्वीकारलेले नाहीत, हे मलाही कळतं. पण आरोप करायचा आणि ऐकून घ्यायचं नाही, हा अन्याय आहे हे समजायला करार कशाला लागतो?

पगार बुडाला, घरखर्चाची ओढाताण आहे, ती मी निभावेन. ‘निष्काळजी’ हा शिक्का मात्र जिव्हारी लागलाय. ऑपरेटरला पुढचं काम मागच्या साइटवरच्या नावावर मिळतं. आणि माझ्या जागी जो पोरगा बसलाय, त्याला पहिल्याच दिवशी कळलंय की भेग दिसली तरी बोलायचं नाही. मला काढून त्यांनी मशीनवरचे डोळेच काढून टाकलेत. चरात उतरणाऱ्यांचं काय, हे कुणी विचारायचं?

ऑपरेटर भावांनो, तपासणीच्या प्रत्येक शीटचा फोटो सहीसकट, तारखेसकट स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणी मान्य करत नाही. मी काढलेले फोटो तक्रारीला जोडलेत.

त्या दिवशी खाली पाइप जोडणारे तुम्ही दोघं हे वाचत असाल, तर काय घडलं ते चार ओळीत लिहून द्या. तुमची नोकरी अजून तिथेच आहे, त्यामुळे आत्ताच द्या असा माझा हट्ट नाही. ते काम सुटल्यावर दिलंत तरी चालेल.