हलक्या वाऱ्यासाठी सगळ्यात मोठा काइट घ्या, हा सल्ला चुकीचा का आहे

काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावर चालणं) शिकलेल्या आणि शिकणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो, गोव्याचा सीझन जवळ आला की जास्तच. तो साधारण असा: हलक्या वाऱ्यासाठी फार डोकं लावू नका, १७ किंवा १९ स्क्वेअर मीटरचा ट्यूब काइट (हवा भरून फुगवायचा) घ्या आणि विषय संपवा. एक स्ट्रट, बिनस्ट्रट (स्ट्रट म्हणजे कापडाला आधार देणारी फुगवलेली नळी) वगैरे कंपन्यांची जाहिरातबाजी आहे. फॉइल काइट (पॅराग्लायडरसारखा, ट्यूब नसलेला) घ्यायचाच असेल तर ऑलिंपिकवाला घ्या, बाकीचे टाइमपास. बोर्ड आहे तोच चालतो. आणि हलक्या वाऱ्यात धोका नसतोच, त्यामुळे नवीन लोकांनी मोठ्या काइटला घाबरू नये.

यातली जवळपास सगळी वाक्यं चुकीची आहेत आणि शेवटचं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक घेऊन लिहिते. हलका वारा म्हणजे मी ८ ते १२ नॉट धरतेय, ताशी १५ ते २२ किलोमीटर, जो मोरजी-आश्वे-मांद्रे-हरमल पट्ट्यात फेब्रुवारी ते मे दुपारी मिळतो. जमीन तापते, खारा वारा सुटतो, दोन-तीन तास टिकतो आणि ऊन उतरलं की पडतो. मे ते ऑक्टोबर श्रीलंकेत कल्पिटियाला जाणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, तिथे वारा भरपूर असतो.

आता पहिला मुद्दा, मोठा काइट. काइटची ओढ क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते हे बरोबर, पण वाऱ्याच्या बाबतीत ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी-जास्त होते, आणि सगळं गणित इथेच फिरतं. १२ नॉटचा वारा ८ नॉटवर आला की त्याच काइटची ओढ निम्म्याहूनही कमी, ४४ टक्के उरते. म्हणजे १२ मीटरचा (स्क्वेअर मीटरचा) काइट १२ नॉटला जे देतो ते ८ नॉटला मिळवायचं तर २७ मीटरचा काइट लागेल. १२ चा १७ केला तर क्षेत्रफळ वाढतं ४२ टक्के आणि तुमची खालची मर्यादा १२ नॉटवरून येते जेमतेम १० वर. तीही कागदावर, कारण हिशोबात आपण धरलंय की १७ चा काइट १२ च्या इतकाच चपळ आणि त्याच मानाने हलका आहे, आणि तो तसा नसतो. जाड लीडिंग एज (पुढची फुगवलेली कड), लांब स्ट्रट, हवेला जास्त अडथळा, आणि वळायला इतका वेळ की तो वरखाली फिरवून पॉवर काढायची म्हटली तर अर्धा वेळ तो वळतच असतो. हलक्या वाऱ्यात पॉवर काइट नुसता आकाशात धरून ठेवल्याने येत नाही, तो हवेतून सपासप कापत फिरला की येते, कारण त्याच्या स्वतःच्या वेगामुळे त्याला वारा जास्त लागतो. पटकन फिरणारा १३ चा काइट कधीकधी सुस्त १७ पेक्षा बोर्डावर लवकर उभं करतो ते यामुळेच. (आणि पैसे न घालता थोडा फायदा हवा असेल तर आधी २४ मीटरच्या लाइनला, म्हणजे काइटच्या दोऱ्यांना, ३ मीटरचं एक्स्टेन्शन जोडून बघा, काइटला फिरायला जागा मिळते आणि थोडा वरचा, जोराचा वारा मिळतो.)

अजून एक गोष्ट, काइटवर छापलेला विंड रेंजचा तक्ता साधारण ७५-८० किलोचा माणूस धरून केलेला असतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ३३ डिग्रीला हवा १० डिग्रीच्या हवेपेक्षा ७-८ टक्के विरळ असते, म्हणजे तेवढी ओढ तिथेच गेली. त्यामुळे युरोपातल्या माणसाने लिहिलेलं 'मी ८ नॉटला आरामात चालवतो' हे मोरजीत जसंच्या तसं लागू होत नाही.

स्ट्रट कमी करणं म्हणजे जाहिरातबाजी, हा दुसरा मुद्दा, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हलक्या वाऱ्यात खरा प्रश्न वजनाचा आहे. संक्रांतीला मंद वाऱ्यात कुठला पतंग चढतो ते आपण लहानपणापासून बघतो, पातळ कागदाचा चढतो, जाड कागदाचा मोठा ढोला जमिनीवरच गोते खातो. स्ट्रटचं काम आहे जोराच्या वाऱ्यात काइटचा आकार टिकवणं. ९-१० नॉटला कापडावर तेवढा ताण येतच नाही, मग पाच किंवा तीन फुगवलेल्या नळ्या वर कशासाठी न्यायच्या? एअरश अल्ट्रा किंवा एफ-वन ब्रीझसारखे एक स्ट्रटचे काइट आणि बीआरएम क्लाउडसारखे बिनस्ट्रटचे काइट याच विचारातून आले. त्यांचे तोटे आहेत, बार (हातातला दांडा) ढकलून ओढ कमी केली की बिनस्ट्रटचं कापड फडफडतं, आवाज करतं, आणि वारा १८-२० नॉटला गेला की ते काइट नकोसे होतात. पण तो काही हलका वारा नाही, त्या दिवशी तुमचा नेहमीचा ९-१० चा काइट काढा.

आणि वजनाचा संबंध नुसता उडण्याशी नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं ते मुळात पाण्यात पडलेला काइट पाण्यातूनच परत उठावा यासाठी. ती ट्यूब असण्याचं कारणच रिलाँच आहे. आणि हलक्या वाऱ्यात नेमकं तेच अडतं. काइट नाक खाली करून पडलेला असतो, त्याला एका कानावर (टोकावर) उभा करायला वाऱ्याने त्याचं टोक उचलावं लागतं, ओलं कापड पाण्याला चिकटून बसलेलं असतं, आणि काइट जड असेल तर ८ नॉटमध्ये ते टोक उचललंच जात नाही. तुम्ही मागची लाइन ओढत बसता आणि काइट तुमच्याकडेच सरकत येतो, लाइन सैल होतात, खेळ खलास. वर असताना तोच मोठा काइट त्याच वाऱ्यात व्यवस्थित उडत होता! म्हणून विकणाऱ्याला 'हा किती नॉटला उडतो' असं विचारू नका, 'पाण्यात पडल्यावर किती नॉटला परत उठतो' असं विचारा. तुमची खालची मर्यादा तीच, निदान जिथे उभं राहता येत नाही अशा पाण्यात तरी तीच.

फॉइल काइटबद्दल. आधी एक घोळ मिटवते, फॉइल काइट म्हणजे पॅराग्लायडरसारखा कप्प्यांचा, ट्यूब नसलेला काइट, आणि हायड्रोफॉइल म्हणजे बोर्डाखाली मास्ट (उभा दांडा) आणि पंख. दोन्ही वेगळे, एक घेतलं म्हणून दुसरं घ्यावंच लागतं असं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फॉर्म्युला काइट पहिल्यांदा आलं, शर्यती मार्सेयला झाल्या, पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस आणि महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज जिंकले, सिंगापूरचा १७ वर्षांचा मॅक्स मेडर तिसरा आला. सगळे फॉइल काइटवर होते, पुरुषांकडे २३ मीटरपर्यंतचे. हे बघून लोकांना वाटतं की तोच काइट आपणही घ्यावा. पण त्याच मार्सेयला वारा नाही म्हणून शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या होत्या, म्हणजे जगातले सगळ्यात भारी लोक २३ मीटर घेऊनसुद्धा वारा येण्याची वाट बघत बसले. शिवाय त्यांच्याबरोबर पाण्यात रेस्क्यू बोटी असतात, मोरजीत तुमच्याबरोबर कोण असतं?

रेस काइट लांब आणि अरुंद असतो, ब्रायडल (काइटखालच्या दोऱ्यांचं जाळं) बारीक, वारा मध्येच पडला की पुढून दुमडतो, आणि पाण्यात पडला की कधी कधी स्वतःभोवती पीळ घेतो. पण म्हणून बाकीचे फॉइल काइट टाइमपास हेही साफ चूक. ओझोन हायपरलिंक किंवा फ्लायसर्फर सोल यांसारखे कमी लांबट, बंद कप्प्यांचे काइट सामान्य रायडरसाठीच बनवलेत, पंप लागत नाही, त्याच आकाराच्या ट्यूब काइटपेक्षा हलक्या वाऱ्यात आकाशात जास्त वेळ टिकतात आणि वारा येतो त्या दिशेने वर चढायला सोपे. मात्र पाण्यात बराच वेळ पडून राहिले तर आत पाणी शिरतं आणि मग ते उठणं विसरा, आणि लाइन-ब्रायडलची लांबी अधूनमधून तपासावी लागते, आळशी माणसाचं काम नाही. माझं मत असं की ज्याला ट्यूब काइट वर्षभर न पाडता चालवता येतो त्याने फॉइल काइटचा विचार करावा, त्याआधी नाही. फ्लायसर्फर पीकसारखे एकाच कापडाचे, कप्पेच नसलेले काइट सगळ्यात हलके, पण त्यांच्यात हवाच नसते, पाण्यात पडले की भिजलेलं धुणं. ते बर्फासाठी आणि मोकळ्या मैदानासाठी उत्तम आहेत, समुद्रात फक्त मुरलेल्या हायड्रोफॉइलवाल्यांनी न्यावेत.

बोर्ड आहे तोच चालतो? नाही चालत. खरं तर पैसे आधी इथेच घालावेत. १३६-१३८ सेंटिमीटरचा नेहमीचा ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) ८-९ नॉटला पाण्यावर तरंगतच नाही, तो पाणी ढकलत बसतो आणि मग दोष काइटला. १५५ च्या आसपासचा रुंद, सपाट बोर्ड घेतला तर काइट तोच ठेवून तुम्ही एक-दोन नॉट कमी वाऱ्यात निघू शकता, आणि तो मोठ्या काइटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. हायड्रोफॉइलची तर गोष्टच वेगळी. मोठी फ्रंट विंग असेल तर बोर्ड कमी वेगातच पाणी सोडून वर येतो, पाण्याचा अडथळा एकदम घटतो, आणि मग तुमचाच वेग तुम्हाला वारा देतो. समजा खरा वारा ८ नॉट आहे आणि तुम्ही त्याला आडवे १४ नॉटने चाललाय, तर तुम्हाला आणि काइटला लागणारा वारा, ज्याला आपण अपॅरंट विंड म्हणतो, १६ नॉट होतो. वारा दुप्पट म्हणजे ओढ चौपट, आणि यासाठी काइट एक इंचानेही वाढवावा लागला नाही. म्हणूनच हायड्रोफॉइलवाले ९-१२ चा काइट घेऊन फिरत असतात आणि शेजारी १७ वाला वाळूत बसलेला असतो. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि जागा बघावी लागते. मास्ट ७०-९० सेंटिमीटरचा, त्यामुळे शापोरा नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या उथळ पट्ट्यांवर विंग आपटते, आणि रापण लावलेली असेल तर लांबूनच जा, जाळ्यात मास्ट अडकला तर तुमचंही नुकसान आणि रापणकारांचंही, आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

आपल्याकडे कोणी ७५ किलोच्या आसपासचं असेल आणि ट्विनटिपच चालवणार असेल तर मी रुंद बोर्ड आणि एक स्ट्रटचा १४-१५ सुचवेन, हायड्रोफॉइल शिकायची तयारी असेल तर एक स्ट्रटचा किंवा बिनस्ट्रटचा ११-१२. १७ चा ट्यूब काइट ९५-१०० किलोच्या ट्विनटिपवाल्याला कामाचा आहे, तेवढं मान्य.

राहिला धोक्याचा मुद्दा. हलक्या वाऱ्यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे संध्याकाळी खारा वारा अचानक पडतो आणि काइट पाण्यात बसतो, थोड्या वेळाने मतलई वारा सुरू होतो जो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि तुम्ही किनाऱ्यापासून लांब असाल तर अंधारात आत ओढले जाता. किनाऱ्यापासून पोहून परत येता येईल तितकंच अंतर ठेवा, आणि ट्यूब काइट असेल तर ती फुगलेली ट्यूब तुमचा तराफा आहे, कंटाळून तिला सोडून पोहत सुटू नका. दुसरं त्याहून वाईट, एप्रिल-मे मधला वळीव. दुपारी ८ नॉट असतं, सह्याद्रीवर ढग चढतात, आणि वादळाच्या पुढचा झोत येतो तेव्हा वारा मिनिटाभरात ३० नॉटला जाऊ शकतो. ८ चे ३० म्हणजे ओढ १४ पट. नवशिक्याच्या हातात १७ मीटरचा काइट आणि १४ पट ओढ, बार पूर्ण ढकलून ती जात नाही, क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडणारी खिट्टी) ओढायला हात पोचेपर्यंत माणूस वाळूवरून फरफटत गेलेला असतो किंवा शॅकच्या खांबावर आपटलेला असतो. म्हणून त्या महिन्यांत पूर्वेकडे काळा ढग दिसला किंवा गडगडाट ऐकू आला की वारा कितीही मस्त असो, काइट खाली घ्या, हवा काढा, गुंडाळा. आणि पाण्यात उतरण्याआधी वाळूवर उभं राहून क्विक रिलीज एकदा खरोखर ओढून बघा, मीठ-वाळूने तो अडकलेला सापडतो तो नेहमी नको त्या वेळी.