खुलासा : माझगावची ती बोट ‘फ्रीमन २२’ नाही

माझगावला दुरुस्तीसाठी ओढून ठेवलेल्या जुन्या फायबरच्या बोटीचा फोटो सध्या ग्रुपवर फिरतोय. ‘इंग्लंडची दुर्मीळ फ्रीमन २२, खिडक्या बघूनच कळतं,’ असं त्यासोबत लिहिलंय. ही माहिती चुकीची आहे. त्या नावावर बयाणाही मागितला जातोय, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

फ्रीमन बोटी इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या हिंक्लीला बनत, थेम्ससारख्या नद्यांसाठी. नावातला २२ म्हणजे फुटांतली लांबी. मालकांच्या परवानगीने आम्ही टेप लावली. मागे जोडलेला प्लॅटफॉर्म सोडून नुसता हलच (बोटीचं मूळ धड) २६ फूट भरला. खिडक्या तर नंतरच्याच आहेत. आत बंकाखाली (झोपायच्या फळीखाली), जिथे कोणी रंग मारत नाही, तिथे जुना गुळगुळीत जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) संपतो, नव्या फायबर मॅटचा खरखरीत थर लागतो आणि मधून प्लायवूडची कड डोकावते. केबिन अख्खी बदलता येते. ओळख पटवायची ती नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, उतारावरून आणि तळाच्या घडणीवरून.

‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक नोंदणीचा असतो, त्यावरून बोट कोणी बांधली ते कळत नाही. बनवणाऱ्याचं चिन्ह असलेला हल नंबर अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या बोटीवर तो नसला म्हणून ती बनावट ठरत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि बयाणा देणाऱ्यांनी आधी स्वतः मोजमाप घ्यावं.