नोंद सापडली का?

लंडनमध्ये बसून जालन्याला फोन लावला की पाऊसपाण्याच्या आधी एकच विषय निघतो: कुणबी असल्याची जुनी नोंद सापडली का? सप्टेंबर 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली रेकॉर्ड रूम पहिल्यांदा बातम्यांत आली. 2 सप्टेंबर 2025 ला निजामकाळातल्या नोंदींच्या हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. आरक्षण कोणाला मिळावं, या वादात मी इथून नाक खुपसत नाही. पण त्या खोल्यांची अशी दशा का झाली, हे कोणीच कसं विचारत नाही?

भावकीतल्या एकानं मोबाइलवर एका जुन्या रजिस्टराचं पान पाठवलं होतं. अक्षर उर्दू, शाई विटलेली, आणि वाळवीनं खाल्ला होता नेमका नावांचा रकाना. निजामाचा अंमल 1948 ला संपला, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. कागद मात्र काही हैदराबादेत राहिले, काही जिल्ह्याला, काही तहसीलला. उर्दू-फारसी वाचणारी पिढी गेली. मोडीवाचकांची आठवण आंदोलन पेटल्यावर झाली.

इथं सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचकाचं कार्ड फुकट मिळतं, आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हे बघून मीही भारावलो होतो. पण याच देशाच्या गृहखात्यानं 2010 मध्ये कॅरिबियनमधून आलेल्या लोकांची जुनी लँडिंग कार्डं, म्हणजे देशात उतरल्याच्या नोंदी, नष्ट केली. पुढं दशकानुदशकं इथं राहिलेल्यांकडेच पुरावा मागितला गेला. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार अडले, काहींना तर देशाबाहेर काढलं. 2018 मध्ये बोभाटा झाला आणि सरकारला भरपाईची योजना काढावी लागली. कपाटं सांभाळणं त्याहून स्वस्त पडलं असतं.

सरकारशी बोलायचं ते याच भाषेत. वारसा, अस्मिता म्हटलं की शाल-श्रीफळ मिळतं, बजेट मिळत नाही. त्यापेक्षा जमिनीचे दावे, जातीचे दाखले, वारसनोंदी यांची नावं घ्यावीत. बीडचं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. खऱ्याला हक्क देणारा आणि खोट्याला अडवणारा, दोन्ही कागद एकाच बस्त्यात असतात. राज्याचा 2005 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहेच. (तो तहसीलमध्ये कितींना ठाऊक आहे, ते एकदा विचारून बघा.)

स्कॅनिंगचं कौतुक मलाही आहे. पण न वाचता केलेलं स्कॅन म्हणजे तोच गठ्ठा, फक्त काँप्युटरात. सूची लागते, आणि ती करायला लिपी येणारा माणूस लागतो. चार महिन्यांच्या मानधनावर नव्हे, पगारावर. पुढच्या वेळी आमदारांकडं सभामंडपाचा अर्ज घेऊन जाल, तेव्हा त्याखाली दोन ओळी वाढवा: मोडी आणि उर्दू वाचणारा कायमचा कर्मचारी, आणि रेकॉर्ड रूमच्या गळक्या छताची दुरुस्ती.